शाई का गळते

भांड्याच्या तळाला छिद्र असले तर त्यातील द्रव खाली पडतो, हे जाणण्यास शास्त्राध्ययनाची आवश्यकता नाही. यास्तव इंकजेट प्रिंटरच्या बाबतीत विचार करण्याजोगा प्रश्न शाई का गळते हा नसून, जिच्या तळाला शेकडो छिद्रे आहेत आणि त्यांपैकी एकालाही झडप नाही अशा कार्ट्रिजमधून ती एरवी का गळत नाही, हा आहे. ह्या प्रश्नाचे उत्तर ज्याला नीट उमगले त्याला गळतीचे कारण शोधताना फारसे कष्ट पडत नाहीत. ज्याला ते उमगले नाही तो चिंध्या आणि कापूस घेऊन रोज सकाळी तीच शाई पुसत राहतो. तहसील कचेरीबाहेरच्या सेवा केंद्रात अर्ज व उतारे छापून देणारा तरुण, परीक्षेच्या मोसमात प्रवेशपत्रे काढून देणारा झेरॉक्सचा दुकानदार आणि मुलांच्या शाळेच्या प्रकल्पांसाठी घरी प्रिंटर घेणारा नोकरदार गृहस्थ, ह्या सर्वांना ही व्याधी केव्हा ना केव्हा भेटतेच. आणि एकदा का काळ्या शाईचा ओघळ कोणाच्या दाखल्यावर उतरला, की तो कागद निरुपयोगी होऊन त्या मनुष्याला पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. हा विषय क्षुल्लक आहे असे म्हणूनच मला कधी वाटलेले नाही.

शाई उडवून लिहिण्याची कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारांतून येणारे क्षीण संदेश नोंदवण्यासाठी विल्यम टॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन या नावाने विख्यात झालेले शास्त्रज्ञ, यांनी 1867 मध्ये सायफन रेकॉर्डर नावाचे जे उपकरण सिद्ध केले, त्यात शाई एका बारीक काचनळीतून, नळीचे टोक कागदाला न टेकवता, विद्युत्भाराच्या जोरावर फितीवर उतरत असे. त्यानंतर अकरा वर्षांनी लॉर्ड रॅले यांनी द्रवाची धार थेंबांत का तुटते याचे गणित मांडले. घरोघरच्या प्रिंटरचा जन्म मात्र शंभर वर्षांनंतरचा. 1977 मध्ये जपानमध्ये कॅनन कंपनीचे संशोधक इचिरो एन्दो यांच्या प्रयोगशाळेत सोल्डरिंगची तापलेली कांडी शाईने भरलेल्या सिरिंजच्या सुईला सहज लागली आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. उष्णतेने तयार होणारा वाफेचा बुडबुडा शाई पुढे ढकलू शकतो ही गोष्ट त्या प्रसंगाने ध्यानात आली. साधारण त्याच सुमारास अमेरिकेत ह्युलेट-पॅकार्ड कंपनीत जॉन व्हॉट हेही स्वतंत्रपणे त्याच कल्पनेपर्यंत पोहोचले होते, आणि त्या कंपनीने 1984 मध्ये विक्रीस काढलेल्या थिंकजेट प्रिंटरच्या हेडला, म्हणजे शाई उडवणाऱ्या भागाला, अवघी 12 छिद्रे होती. एप्सन कंपनीने निराळी वाट धरली. काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांत वीज उत्पन्न होते, ही गोष्ट पिएर आणि झाक क्युरी या बंधूंनी 1880 मध्ये दाखवून दिली होती. याच्या उलट, वीज दिली असता असे द्रव्य किंचित आकार बदलते, आणि त्या हालचालीने शाईच्या कोठडीला चिमटा बसून थेंब बाहेर पडतो; हिलाच पिझो पद्धत म्हणतात.

ह्या दोन वाटांचा फरक दुरुस्तीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. बुडबुड्यावर चालणाऱ्या पुष्कळ प्रिंटरांत हेड कार्ट्रिजलाच जोडलेले असते, त्यामुळे कार्ट्रिज बदलली की हेडही नवे मिळते. पिझो पद्धतीच्या यंत्रात हेड यंत्राचाच स्थायी अवयव असते आणि त्याची किंमत कधीकधी सबंध प्रिंटरच्या किमतीशी स्पर्धा करते. आपल्यापुढील यंत्र यांपैकी कोणत्या जातीचे, याची खातरजमा केल्याविना कोणीही त्यात बोट घालू नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हेडच्या तळाशी असलेल्या छिद्राचा व्यास साधारणतः 20 मायक्रोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतका असतो, आणि त्यातून एका वेळी बाहेर पडणारा थेंब काही पिकोलिटरचा असतो; एका लिटरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे पिकोलिटर. इतक्या सूक्ष्म तोंडाशी शाईचा पृष्ठताण हा एक बलवान रखवालदार ठरतो. शाईचा पृष्ठभाग छिद्राच्या कडेला चिकटून आतल्या बाजूस किंचित खोलगट राहतो, आणि तो तसा खोलगट राहावा म्हणून कार्ट्रिजच्या आतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा सदैव थोडा कमी ठेवलेला असतो. हा फरक फार मोठा नसतो. पाण्याच्या काही सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाइतकाच तो असतो, परंतु सगळी मदार त्याच्यावर असते. आतील ओढ प्रमाणाबाहेर वाढली तर छिद्रातून हवा आत शिरते आणि अक्षरे तुटक उमटतात. ती ओढ नष्ट झाली तर शाई छिद्राच्या कडेवरून बाहेर पसरते, आणि एकदा हेडचा तळ ओला झाला की मग कडेचा तो अडसर उरतच नाही. शेजारच्या छिद्रांतील शाई त्या ओल्या थरास मिळते, थर जाड होतो, आणि अखेर गुरुत्वाकर्षण आपले काम करते. तात्पर्य, प्रिंटरमधील शाई कोणत्याही बुचाने अडवलेली नाही, ती दाबाच्या एका नाजूक समतोलाने तोलून धरलेली आहे. आणि गळती म्हणजे तो समतोल कोठेतरी ढळल्याची खूण होय. पुसण्याआधी तो कोठे ढळला हे पाहिले पाहिजे, एवढेच ह्या प्रकरणाचे सांगणे आहे. बाकीचा सगळा तपशील त्याच्याच पोटातला.

ज्यांनी शाईच्या पेनाने लिहिले आहे त्यांना ही गोष्ट हाताने ठाऊक आहे. लुईस वॉटरमन यांनी 1884 मध्ये पेटंट घेतलेल्या पेनाचे वैशिष्ट्य हेच होते, की जितकी शाई निबेतून उतरेल तितकीच हवा बारीक खाचेतून आत जावी आणि आतील ओढ कायम राहावी. पेन जवळजवळ रिकामे झाले आणि हाताच्या उबेने आतील हवा फुगली, की मोठा डाग पडलाच म्हणून समजावे. कार्ट्रिजमध्ये हीच ओढ निरनिराळ्या युक्तींनी निर्माण केलेली असते. काहींत घट्ट दाबून बसवलेला स्पंज असतो, आणि त्याच्या लक्षावधी बारीक पोकळ्या केशाकर्षणाने शाई धरून ठेवतात. काहींत लवचीक पिशवी असून तिला आतून स्प्रिंग ताणून धरते. काहींचे दोन कप्पे असतात. एकात स्पंज आणि दुसऱ्यात मोकळी शाई, आणि हा दुसरा कप्पा सर्व बाजूंनी हवाबंद असून त्याला जी हवा मिळते ती केवळ स्पंजाच्या वाटेने, स्पंजातील शाई जितकी उतरेल त्या मानाने मिळते.

ही रचना ज्याला माहीत नाही तो रिफिल करताना नेमकी चूक करतो. दोन कप्प्यांच्या कार्ट्रिजला वरून भोक पाडून सिरिंजने शाई भरली आणि ते भोक हवाबंद न करता तसेच ठेवले, अथवा त्यावर नुसता सेलोटेप चिकटवला, तर मोकळ्या कप्प्यात हवा बिनदिक्कत शिरते, ओढ नाहीशी होते, आणि सगळी शाई स्पंजातून ओसंडून खालच्या तोंडाने वाहू लागते. दुकानदार म्हणतो शाई पातळ होती, गिऱ्हाईक म्हणते कार्ट्रिज बोगस होती. वास्तविक दोष त्या भोकाचा असतो. उलटपक्षी, ज्या कार्ट्रिजमध्ये केवळ स्पंज असतो तिच्या वरच्या लेबलाखाली हवेसाठी मुद्दाम ठेवलेली नागमोडी खाच असते, आणि ती जर कोणी नीटनेटकेपणाच्या हौसेने चिकटपट्टीने बुजवली, तर काही पाने छापल्यावर शाई येणेच बंद होते. स्पंजाच्या कार्ट्रिजमध्ये गळतीचे नेहमीचे कारण अतिरेक हे होय. स्पंज जितकी शाई धरू शकतो तितकीच त्यात भरावी. काठोकाठ भरली की त्याच्या पोकळ्यांत ओढ निर्माण करण्यास जागाच उरत नाही. शाई हळूहळू सोडावी, आणि भोकाच्या तोंडाशी ती चकाकताना दिसू लागताच थोडी परत ओढून घ्यावी, हा अनुभवी कारागिरांचा परिपाठ अगदी शास्त्रशुद्ध आहे.

हवामान आणि उंची यांचाही हिशेब ठेवावा लागतो. मुंबईहून महाबळेश्वरला, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे 1,350 मीटर उंचीवर, गेले असता हवेचा दाब साधारण 15 टक्क्यांनी उतरतो. कार्ट्रिजच्या बंद कप्प्यात अडकलेली हवा त्या प्रमाणात फुगते आणि शाईला बाहेर लोटते. विमानाच्या कक्षात दाबाचा हा उतार एकपंचमांशापासून एकचतुर्थांशापर्यंत जातो. ह्यातून एक निष्कर्ष निघतो, जो प्रथमदर्शनी विपरीत वाटेल: अशा प्रवासात भरलेल्या कार्ट्रिजपेक्षा अर्धी रिकामी कार्ट्रिज अधिक घातक असते, कारण फुगणारी वस्तू शाई नव्हे, हवा आहे, आणि ती अर्ध्या कार्ट्रिजमध्ये जास्त असते. उष्णतेनेही तेच घडते. विदर्भात उन्हाळ्यात खोलीचे तापमान सकाळच्या 25 अंशांवरून दुपारी 45 अंशांपर्यंत गेले, तर आतील हवा सुमारे सात टक्क्यांनी प्रसरण पावते. खिडकीतले ऊन ज्यावर थेट पडते अशा टेबलावर प्रिंटर ठेवणे म्हणूनच योग्य नव्हे.

शाईच्या बाटल्या ओतून भरावयाच्या टाकीच्या प्रिंटरांनी आता कार्ट्रिजची जागा पुष्कळ अंशी घेतली आहे. यंत्राला बाहेरून टाक्या आणि नळ्या जोडण्याचा उद्योग कारागीर आधीपासूनच करीत होते. एप्सनने 2010 मध्ये इंडोनेशियात कारखान्यातूनच टाकी बसवलेला प्रिंटर विक्रीस आणला. ह्या यंत्रात ओढ निर्माण करण्याचे काम स्पंजाऐवजी उंचीतील फरक करतो. टाकीतील शाईची पातळी हेडच्या पातळीहून काही सेंटिमीटर खाली ठेवलेली असते, आणि तेवढ्या उंचीचा शाईचा स्तंभ छिद्रांवर खालच्या दिशेने ओढ ठेवतो. साहजिकच, जागा वाचवण्यासाठी बाहेरची टाकी उचलून कोणी प्रिंटरच्या डोक्यावर ठेवली, तर ओढीचा दाब होतो, नळीचा सायफन बनतो आणि रात्रभरात सगळी टाकी यंत्राच्या पोटात रिकामी होते. सुट्या टाक्यांत बहुधा दोन कप्पे आणि दोन बुचे असतात. सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ एद्म मॅरिओत यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बाटलीचे तत्त्व त्यांत वापरलेले असते, ज्यामुळे शाई कमी झाली तरी हेडला जाणवणारी पातळी बदलत नाही. अशा टाकीत शाई भरताना हवेचे लहान तोंड आधी बंद करावे आणि मगच मोठे बूच उघडावे. हा क्रम चुकला की मोठ्या कप्प्यातील शाई लहान कप्प्यात चढून हवेच्या तोंडातून टेबलावर येते. घर बदलताना टाकीचा प्रिंटर आडवा वा उलटा नेऊ नये. ज्या नमुन्यांना वाहतुकीचा खटका दिलेला असतो त्यांत तो फिरवून नळ्या बंद कराव्यात, आणि मुक्कामी पोहोचल्यावर तो पूर्ववत करण्यास विसरू नये.

इतके ध्यानात ठेवून प्रत्यक्ष तपासणीस बसावे. प्रथम हे ठरवावे की जिला आपण गळती म्हणतो ती खरोखरच गळती आहे काय. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, कागद हवेतील ओल शोषून कडेला वळतो. हेड आणि कागद यांत एखाद-दीड मिलिमीटरचेच अंतर असल्याने ती वळलेली कड हेडला घासते आणि पानाच्या काठांवर काळे फराटे उमटतात. तेथे यंत्राचा दोष नाही. नवा गठ्ठा उघडावा, कागद बंद पिशवीत ठेवावा, एवढ्याने काम भागते. अक्षरांच्या मागे केसासारखी बारीक रेघ ओढलेली दिसली, तर हेडच्या तळाला कागदाचा तंतू अथवा खरोखरीचाच केस चिकटलेला असतो, आणि तो वातीप्रमाणे छिद्रांतून शाई ओढून घेत असतो. कागदाची पाठ मळत असेल तर ज्या खाचदार पट्टीवरून कागद सरकतो तिच्यावर शाई साचलेली आहे. पानावर भलत्याच जागी गोल टपोरे थेंब पडत असतील तर मात्र समतोल ढळला, असे निःशंक समजावे. आणि कागद स्वच्छ येऊनही यंत्राखाली शाईचे थारोळे दिसत असेल, तर ती कथा निराळी असून तिचा परामर्श मी शेवटी घेणार आहे.

साफसफाईची सिद्धता साधी असते: हातमोजे, जुनी वर्तमानपत्रे, ज्याचे तंतू सुटत नाहीत असे मऊ कापड, टिश्यू पेपर, कान साफ करण्याच्या कापसाच्या काड्या आणि डिस्टिल्ड वॉटर. नळाचे पाणी वापरू नये, बोअरचे तर नाहीच. त्यातील क्षार वाळल्यावर त्याच छिद्रांत जाऊन बसतात. ॲसिटोन आणि थिनर यांनी प्लॅस्टिक विरघळते, आणि रंगकणांच्या, म्हणजे पिगमेंट शाईच्या बाबतीत स्पिरिटने कण एकत्र येऊन गुठळ्या होण्याचे भय असते. शाईचा बहुतांश भाग पाणीच असल्याने पाणी हेच तिचे सर्वांत निर्धोक औषध आहे. ते काम धिम्या गतीने करते, परंतु नुकसान करीत नाही.

झाकण उघडल्यावर हेडची गाडी मध्यभागी येते असे ज्या यंत्रात असेल, त्यात ती आल्यावर, आणि अन्य यंत्रात पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ती आणून, मग भिंतीतील प्लग काढून टाकावा. ह्या सूचनेचा मी आग्रह धरतो. शाई ही वीज वाहून नेते. ती हेडच्या तांब्याच्या संपर्कबिंदूंवर अथवा चपट्या केबलच्या तोंडाशी पोहोचली आणि यंत्र चालू असले, तर हेड तर जळतेच, त्याच्या जोडीला मुख्य बोर्डही जातो. यास्तव साफसफाईनंतरही संपर्काच्या जागा पूर्ण कोरड्या झाल्याविना प्लग लावण्याची घाई करू नये.

कार्ट्रिज काढून तिची छिद्रांची बाजू ओलसर टिश्यूवर काही क्षण हलकेच टेकवावी. घासू नये, घासल्याने तंतू छिद्रांत शिरतात आणि एका कप्प्याचा रंग दुसऱ्यात मिसळतो. तीन रंगांच्या कार्ट्रिजमध्ये पिवळ्याची नासाडी सर्वांत लवकर होते, कारण फिकट रंगात परका थेंब ताबडतोब दिसतो. टिश्यूवर प्रत्येक रंगाची स्वच्छ, निराळी पट्टी उमटली तर हेड ठीक आहे असे मानावे. त्यानंतर छिद्रे कोरडी टिपून घेऊन, कार्ट्रिज तिच्या नित्याच्या स्थितीत, म्हणजे छिद्रे खाली करून, कशालाही न टेकवता हातात धरावी आणि काही मिनिटे वाट पाहावी. तळाशी पुन्हा थेंब जमू लागला, तर आतील ओढ गेलेली आहे आणि बाहेरून कितीही पुसले तरी उपयोग नाही: शाई जादा भरली असेल तर सिरिंजने थोडी काढून घ्यावी, भोक उघडे असेल तर ते रबरी बुचाने वा गरम गोंदाने हवाबंद करावे, आणि कार्ट्रिजलाच तडा गेला असेल तर तिचा मोह सोडावा. थेंब जमला नाही तर दोष कार्ट्रिजबाहेरचा आहे; तो शोधण्यासाठी यंत्राच्या एका कोपऱ्याकडे पाहावे लागते.

तो कोपरा बहुधा उजवीकडे असतो आणि सामान्य मनुष्याचे तिकडे कधी लक्ष जात नाही. तेथे रबरी कडांची एक लहानशी वाटी असते, तिला कॅप म्हणतात. काम संपल्यावर हेड तिच्यावर येऊन टेकते, म्हणजे छिद्रे वाळत नाहीत. तिच्याशेजारी वायपर नावाची रबराची पाती हेडचा तळ पुसते. कॅपच्या बुडाशी एक नळी आणि पंप असतो, आणि हेड साफ करण्याची आज्ञा दिली की तो छिद्रांतून शाई ओढून बाहेर टाकतो. ही नळी वाळलेल्या शाईने तुंबली की कॅपमध्ये शाईचे डबके साचते. हेड त्या डबक्यात बुडून पुढे जाते आणि कागदावर थेंब गाळत फिरते. गळतीच्या कित्येक प्रकरणांत कार्ट्रिज निर्दोष असून अपराध ह्या नळीचा असतो, आणि तरी शिक्षा कार्ट्रिजला होते, ती फेकली जाते. परीक्षा सोपी आहे. कॅपमध्ये डिस्टिल्ड वॉटरचे थेंब टाकून ती भरावी, यंत्र चालू करून हेड साफ करण्याची आज्ञा एकदा द्यावी, आणि नंतर पाहावे. पाणी ओढले गेले असेल तर नळी मोकळी आहे, तसेच उभे असेल तर तुंबलेली. तुंबलेल्या कॅपमध्ये कोमट डिस्टिल्ड वॉटर रात्रभर मुरू द्यावे. बहुधा सकाळी मार्ग मोकळा होतो. कॅपच्या रबरी कडा आणि वायपरची पाती दोन्ही बाजूंनी ओल्या काडीने पुसाव्यात, कारण कडेवर वाळलेल्या शाईचा एक खवला जरी राहिला तरी कॅप घट्ट बसत नाही.

येथे आपल्याकडील एका सवयीविषयी सांगणे प्राप्त आहे. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला म्हणजे हेड कॅपवर जाऊन बसते. भिंतीवरील बटण दाबून एकदम वीज तोडली तर ते जेथे असेल तेथेच उघडे राहते, वाळते, ठिबकते. कचेरी बंद करताना सगळ्या यंत्रांचे एकच बटण खाली करण्याची जी पद्धत अनेक ठिकाणी आहे, तिने कितीतरी हेडांचा अकाली अंत केला आहे. जेथे वीज वारंवार जाते तेथे ती परत आल्यावर प्रिंटर क्षणभर चालू करून पुन्हा त्याच्या बटणाने बंद करावा.

गाडीच्या मागून आडवी गेलेली पारदर्शक पट्टी, एन्कोडर पट्टी, हिच्याकडेही एकवार पाहावे. तिच्यावर नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेषा असतात आणि त्या मोजूनच यंत्राला हेड कोठे आहे हे कळते. गळतीत तिच्यावर शाईचा शिंतोडा उडाला की हेड एका टोकाला जाऊन आदळते किंवा छपाई दोनदा उमटल्यासारखी दिसते. पाण्याने किंचित ओलसर केलेल्या कापडाने ती हलक्या हाताने पुसावी आणि कोरडी करावी. तीव्र द्रावकाने रेषाच पुसल्या जाण्याचा संभव असतो. कागद वाहणाऱ्या रुळांवरचे डाग, काही कोरे कागद एकामागून एक सोडले म्हणजे जातात.

हे सर्व झाल्यावर छिद्रांचा तपासणी-नमुना छापावा. तो अपुरा आला तर साफसफाईची आज्ञा एकदा, फार तर दोनदा द्यावी आणि नंतर यंत्राला रात्रभर विश्रांती द्यावी, म्हणजे आतील बुडबुडे विरतात आणि वाळलेली शाई मऊ होते. तीच आज्ञा रागारागाने दहा वेळा देणाऱ्याची शाई तर संपतेच, शिवाय ती सगळी शाई आता ज्याचे वर्णन करावयाचे आहे त्या जागी जाऊन साचते.

पंपाने ओढलेली शाई कोठे जाते, हा प्रश्न प्रिंटर विकत घेताना कोणी विचारत नाही. ती यंत्राच्या तळाशी किंवा पाठीमागे ठेवलेल्या जाड नमद्यासारख्या पॅडमध्ये जाते. शाईतील पाणी तेथून उडून जाते, परंतु ग्लिसरीनसारखी न उडणारी द्रव्ये आणि रंग तसेच राहतात, आणि काही वर्षांनी, किंवा काम जास्त असल्यास त्याहून लवकर, पॅड भरून येते. यंत्र प्रत्येक साफसफाईची नोंद आतल्या आत ठेवीत असते. ती नोंद ठरलेल्या मर्यादेला पोहोचली की दिवे लुकलुकतात, पॅडची मुदत संपल्याचा संदेश येतो आणि छपाई तहकूब होते. पुष्कळ ठिकाणी मेकॅनिक संगणकावरून ती नोंद शून्यावर आणून यंत्र पुन्हा चालू करून देतो, आणि पॅड होते तसेच राहते. हा उपाय मला सर्वथा अमान्य आहे. यंत्राने दिलेली वर्दी खरी असते. ती पुसून टाकल्याने पॅडला आणखी शाई धरण्याची शक्ती येत नाही, आणि काही आठवड्यांत तीच शाई तळाच्या फटींतून बाहेर पडून टेबलावर, दप्तरावर आणि फरशीवर उतरते. शहाबादी फरशीसारख्या दगडाने ती एकदा शोषली की तो डाग घर बदलेपर्यंत सोबत करतो.

यंत्राखाली शाई दिसली म्हणजे म्हणूनच प्रथम पॅडचा संशय घ्यावा. काही नव्या नमुन्यांत हे पॅड स्वतंत्र डबीत असते आणि ती डबी स्क्रूचे एक झाकण काढून कोणालाही बदलता येते. बाकीच्यांत यंत्राचा तळ उघडावा लागतो, आणि ते काम ज्याने पूर्वी केले आहे त्याच्याकडूनच करवून घ्यावे. तो कारागीर नवे पॅड बसवो किंवा जुने भरपूर पाण्यात पुनःपुन्हा पिळून, कडकडीत वाळवून परत बसवो, दोन्ही रीती चालतात. मात्र पॅड बदलले, नळी जागेवर बसवली आणि मगच नोंद शून्यावर आणली, हा क्रम आपल्या डोळ्यांदेखत पार पाडला जाईल अशी तजवीज करावी.

हाताला लागलेली शाई साबणाने आणि काही दिवसांच्या धीराने जाते. डोळ्यात गेली तर स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धुवावा, आणि बाटल्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवाव्यात. शाईने भरलेले टिश्यू आणि कापड वर्तमानपत्रात गुंडाळून कोरड्या कचऱ्यात द्यावे, मोरीत पिळू नये. निकामी झालेल्या कार्ट्रिजची गोष्ट निराळी: भारत सरकारच्या ई-कचरा नियमांच्या यादीत प्रिंटरसमवेत त्याच्या कार्ट्रिजचाही स्पष्ट उल्लेख आहे, तेव्हा ती घंटागाडीत न टाकता, छिद्रांवर चिकटपट्टी लावून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून, ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे किंवा ती परत घेणाऱ्या विक्रेत्याकडे सोपवावी.